भगवंतरावाचा कडता

वलगावच्या भगवंतरावानं आयुष्यात दोनच गोष्टी जीव लावून केल्या. एक, शंकरपटात बैल हाकलले. दुसरी, तूप खाल्लं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, हे त्याला वयाच्या चाळिशीपर्यंत कोणी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मात्र भर मैदानात, सगळ्या जत्रेदेखत सांगितलं.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलकासा छकडा, पुढे दोन बैल, वर एक धुरकरी, आणि दोन जोड्या एकदम सुटायच्या. भगवंतरावाची जोडी होती हरण्या आणि तुऱ्या. दोघांच्याही आया लहानपणीच गेल्या होत्या, म्हणून भगवंतरावानं त्यांना बांबूच्या नळकांड्यानं दूध पाजून वाढवलं होतं. चाबूक त्यानं कधी हातात धरला नाही. संध्याकाळी चारा टाकला की तो गोठ्याच्या दारातून ओरडायचा, "चाला बे भामट्यांनो, रोडगे निवून राहिले!" गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे बैलांना कोण घालतं? पण हाक तीच. पटातही तो छकड्यावरून तीच हाक द्यायचा आणि दोन्ही बैल शेपट्या पिळल्यागत सुटायचे.

तुपाचं म्हणाल, तर वऱ्हाडात रोडग्यांची पंगत बसली की वाढणारा तुपाची चरवी घेऊन फिरतो आणि जेवणाऱ्यानं हात आडवा धरेपर्यंत धार थांबवत नाही. ही रीत आहे. भगवंतरावानं आयुष्यात कधी आधी हात आडवा धरला नव्हता. वाढणाऱ्याचं मनगट दुखायचं, चरवी रिकामी व्हायची, यजमानाचं तोंड उतरायचं, पण हा आपला रोडगा कुस्करत शांत बसलेला. आपल्यामुळे कोणाची धार अर्ध्यात तुटू नये, एवढाच त्याचा हेतू असे, असं तो सांगायचा. त्यावर विश्वास ठेवणारी त्याची बायको तानुबाई तेवढी होती.

मग सन एकोणीसशे तेहतीसच्या पौषातल्या पटात हरण्या-तुऱ्या शेवटच्या फेरीत नाकाएवढ्या अंतरानं हरले. भगवंतराव छकड्यावरून उतरत होता, तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे, छकड्यावर धुरकरी बसला का कापसाचा बोजा?" मैदान हसलं. पंच हसले. जिंकलेले बैलही हसले असं भगवंतरावाला वाटलं.

त्याचा थोरला भाऊ केशवराव मात्र हसला नाही. जोडी दोघांच्या मालकीची होती. केशवराव काळ्या जमिनीत कापूस करायचा, भगवंतराव विहिरीवरच्या वाडीत वांगी, मेथी आणि झेंडू पिकवायचा. केशवराव बोलायचा कमी आणि बोललेलं फिरवायचा नाही. त्यानं दसऱ्यापर्यंत वाट पाहिली, सोनं वाटून झालं, आणि मग म्हणाला, "भगवंता, पौषापर्यंत दोन मनावर ये. आलास त छकडा तुहा. नाई त वामनराव बसंन."

वामनराव म्हणजे तानुबाईचा भाऊ. अकोल्याला जठारपेठेत राहायचा, कापडाच्या दुकानात कारकून होता आणि अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखा होता. बैलांना तो "अहो" म्हणायचा. आपल्या हातानं वाढवलेल्या जोडीवर हा काळ्या टोपीचा माणूस बसणार, या विचारानं भगवंतरावाला त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे नऊ भाकरी गेल्या, पण चव लागली नाही.

आता दोन मण म्हणजे ऐंशी शेर. पण आपण किती, हे कळायचं कुठं? वऱ्हाडात तेव्हा माणसं मोजायची पद्धत नव्हती, कापूस मोजायची होती. आणि लोकांनीच त्याला कापसाचा बोजा म्हटलेलं. तेव्हा भगवंतराव भाजीची गाडी अमरावतीला रिकामी करून सरळ कापसाच्या यार्डात गेला. तिथला मापारी शेषराव त्याच्या ओळखीचा होता, फुकट मेथीच्या जुड्यांमुळे ओळख चांगली घट्ट होती. शेषरावानं त्याला काट्याच्या मोठ्या पारड्यात बसवलं, दुसऱ्या पारड्यात लोखंडी मापं चढवली, आणि पुटपुटला, "शहाण्णव." मग खणखणीत आवाजात ओरडला, "कडता दोन, चौऱ्याण्णव शेर!" आणि चिठ्ठी फाडून दिली.

हा कडता ठाऊक नसलेला माणूस वऱ्हाडात सापडायचा नाही. कापूस ओला असेल, त्यात पालापाचोळा असेल, गोणीचं वजन असेल, म्हणून मापारी मोजलेल्या मालातून दोनचार शेर आपल्या मनानं कापतो, तो कडता. शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडतो आणि घरी जातो. केशवरावानं तर तीस वर्षं बोटं मोडली होती.

"मले कायचा कडता?" भगवंतरावानं विचारलं.

"ओलीचा," शेषराव म्हणाला. "आंघोळ करून आले असान ना? भाऊ, ह्या काट्यावरून बिनकडत्याचा माल आजपावेतो खाली उतरला नाई."

एका बसण्यात दोन शेर उतरले म्हणून भगवंतराव खूश झाला आणि त्याच तोऱ्यात डॉक्टरकडे गेला. डॉक्टर तरुण होते, कलकत्त्याला शिकून आलेले. त्यांनी त्याच्या पोटावर दोन बोटं आपटली, काय काय खाता ते विचारलं, आणि ऐकता ऐकता दोनदा चष्मा पुसला.

"तूप बंद करू नका," ते शेवटी म्हणाले. "पण मोजून खा. दिवसाला तीन तोळे. त्यात तूप, तेल, लोणी, शेंगदाणे, तीळ, सगळं आलं. आणि भाकरी नवाच्या चार करा."

"तीन तोळे एका घासाले?"

"दिवसाला."

तीन तोळ्यांचं सोनं असतं हे भगवंतरावाला माहीत होतं. तूप तीन तोळ्यांचं असतं हे तो पहिल्यांदा ऐकत होता.

घरी तानुबाई म्हणाली, "अजी, तीन तोळे त वाटीलेच चिकटून रायते!" ते खरंच होतं. मग भगवंतरावानं विचार केला, की तीन तोळ्यांनी माणूस बारीक होत असेल, तर बिलकूलच न खाल्ल्यानं किती होईल! हा विचार त्याला इतका पटला की त्यानं दुसऱ्या दिवसापासून तूप, तेल, सगळं सोडलं. डॉक्टरनं नको म्हटलं होतं, पण डॉक्टर पोरगेलासा होता.

पुढचा महिना त्या घरानं कसा काढला ते त्या घरालाच ठाऊक. वांग्याची भाजी पाण्यात शिजायची. ठेच्यावर तेलाचा थेंब नाही. भाकरी घशाखाली उतरेना, म्हणून तो पाणी पिई. पोट भरलंसं वाटेना, म्हणून आणखी भाकरी घेई. नवाच्या चौदा झाल्या. ओठ फुटले, टाचा फुटल्या, आणि स्वभावाचं तर विचारूच नका. तो झेंडूवर खेकसायचा. गोठ्याच्या दारातून हाक द्यायचा तेव्हा आवाज असा कोरडा यायचा की हरण्या-तुऱ्या मान वर करून बघत आणि पुन्हा खाली घालत.

महिन्यानं तो काट्यावर बसला. शेषराव पुटपुटला, "पंच्याण्णव." मग ओरडला, "दव पडून राहिलं, कडता चार, एक्क्याण्णव!" भगवंतरावानं ओरडलेलं तेवढं ऐकलं. पुटपुटलेले आकडे यार्डात कोणीच ऐकत नसे. ते देवासाठी असतात अशी समजूत होती.

एवढा जीव जाळून तीनच शेर कमी झाले, म्हणून तो हिरमुसला. त्यातच तानुबाईला माहेरी पोचवायला अकोल्याला जावं लागलं. तिथं वामनराव जेवायला बसला. वामनरावाच्या बायकोनं त्याच्या वरणावर तूप ओतलं, भातावर ओतलं, पोळीवर ओतलं, शेवटी उरलेलं त्यानं वाटीनं पिऊन टाकलं. आणि उठला तेव्हा सदरा अंगावर तसाच लोंबत होता.

"वामनराव, रोज इतकं तूप?" भगवंतरावानं दबकत विचारलं.

"हो भाऊजी, पावशेर. काही अंगी लागत नाही बघा," वामनराव खिन्नपणे म्हणाला.

परतीच्या गाडीत, बडनेरा येईपर्यंत भगवंतरावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वामनराव तूप खातो, वामनराव काडी. पटाच्या आधी हरण्या-तुऱ्याला आपण तूप पाजतो, त्यांच्या पोटाला चरबी नाही. शेजारची मनकर्णाबाई जन्मभर कोरडी भाकर खाते, आणि तिला दारातून जाताना आडवं व्हावं लागतं. म्हणजे तूप माणसाला बारीक करतं! अंगातली चरबी तुपानं वितळते आणि तुपाबरोबर निघून जाते. इतकी साधी गोष्ट कलकत्त्याला शिकवत नाहीत, याचं त्याला वाईट वाटलं. वामनराव दिवसभरात दुकानाचे चार जिने तीसदा चढउतार करतो आणि मनकर्णाबाई पोरं झोपल्यावर बेसनाच्या पातोड्या खाते, या दोन बाबी त्याच्या विचारातून सुटल्या, पण मोठ्या शोधांमध्ये असं होतंच.

त्या दिवसापासून रोज पावशेर तूप सुरू झालं. घरात पुन्हा हसू आलं. झेंडूलाही बरं वाटलं असावं. महिन्यानं तो काट्यावर बसला तेव्हा साखळ्या करकरल्या. शेषराव पुटपुटला, "नव्याण्णव," आणि त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. भगवंतरावाच्या डोळ्यांत इतकी आशा होती की कोणालाही दया यावी. शेषरावानं खाकरून आवाज चढवला, "ओलीचा कडता चार, बारदानाचा सहा, एकोणनव्वद!"

"बारदान कोनतं?"

"पागोटं, धोतर, वाहना. कापूस काय बोऱ्यासकट इकते का कोनी?"

भगवंतरावाला हे अगदी न्यायाचं वाटलं. तुपाचा सिद्धांत खरा ठरला होता. तो घरी आला आणि पावशेराचा अर्धा शेर केला.

पौष लागला. पटाच्या आदल्या दिवशी भगवंतराव शेवटचं मोजून घ्यायला गेला. पारडं जमिनीला टेकलं ते टेकलंच. हमालांनी मापं आणून आणून रचली. "एकशे दोन," शेषराव पुटपुटला आणि त्यानं कपाळाचा घाम पुसला. दुसरा कोणी असता तर हात जोडून मोकळा झाला असता. पण शेषरावाची नियत चांगली होती, आणि मापाऱ्याकडे चांगुलपणा करायला एकच हत्यार असतं. त्यानं आभाळाकडे पाहून मोजायला सुरुवात केली. "दव लय पडलं, ओलीचे सहा. बारदान सहा. केस, मिशा, मळ, असा कचऱ्याचा तीन. पोटातलं जेवन चार, ते काई तुमचं वजन नोय, ते तानुबाईचं वजन. मांगच्या दोन खेपांचा कडता कमी धरला होता, त्याचे तीन. एकून बावीस. ऐंशी शेर! दोन मन बरोब्बर!"

यार्डातल्या हमालांनी टाळ्या वाजवल्या. भगवंतराव चिठ्ठी पागोट्यात खोचून घरी आला.

केशवरावानं चिठ्ठी कंदिलाजवळ धरून वाचली. मग धाकट्या भावाकडे पाहिलं. दसऱ्याला शिवलेली बंडी काखेत उसवली होती. केशवरावानं त्या उसवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "ह्याच काट्याच्या चिठ्ठीवर मी तीस वर्सं कापूस इकला, भगवंता. आता ह्या चिठ्ठीले खोटी म्हनू, त मंग तीस वर्सं मी काय करत होतो?" त्यानं चिठ्ठी घडी करून परत दिली. "बस छकड्यावर."

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. भगवंतराव छकड्यावर चढला आणि छकड्यानं असा आवाज काढला की शेजारची जोडी बुजली. हाक दिली, बैल सुटले. पहिली फेरी त्यांनी जिंकली, आता शेवटचीच उरली होती, पण पहिली कशी जिंकली ते बघवत नव्हतं. तुऱ्याच्या तोंडाला फेस आला होता. हरण्याचे पुढचे पाय लटलट कापत होते. भगवंतराव खाली उतरून त्यांच्या मानेवरून हात फिरवू लागला, तेव्हा हरण्यानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बिचाऱ्यानं तक्रार केली नाही. पुन्हा बसणार का, एवढंच बघितलं आणि जू घ्यायला मान खाली केली.

चिठ्ठी पागोट्यात होती, तिच्यावर ऐंशी लिहिलं होतं, शिक्का होता. पण जे एकशेदोन होतं ते या दोघांनी ओढलं होतं. बैलाला कडता ठाऊक नसतो.

"वामनराव!" त्यानं हाक मारली. वामनराव पट बघायला आला होता आणि पानाच्या दुकानाजवळ सावलीत उभा होता. "इकडं या. बसा छकड्यावर."

"अहो पण भाऊजी, मी..."

"बसा म्हनलं ना जी!"

वामनरावाला दोघांनी उचलून छकड्यावर ठेवलं. छकड्याला काही कळलंसुद्धा नाही. वामनरावानं कासरे चहाच्या कपाच्या कानासारखे चिमटीत धरले आणि बैलांना म्हणाला, "चला हं." बैल हलले नाहीत. मैदान हसायला लागलं. तेवढ्यात लोकांनी पाहिलं की भगवंतराव मैदानाच्या कडेकडेनं, धापा टाकत, धोतराचा सोगा धरून, पार शेवटच्या रेघेकडे पळत निघाला आहे. एकशेदोन शेरांचा माणूस पळताना जसा दिसायचा तसाच दिसत होता. रेघेपलीकडे पोचल्यावर तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला, श्वास घेतला, आणि निशाण पडताच त्यानं बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली.

"चाला बे भामट्यांनो! रोडगे निवून राहिले!"

हरण्या-तुऱ्या असे सुटले की वामनरावाची टोपी मागच्या मागे उडाली. तो छकड्यावर पालथा पडून दोन्ही हातांनी फळी कवटाळून "थांबा, अहो थांबा" करत होता. दुसरी जोडी अर्ध्या मैदानात मागे राहिली. रेघ ओलांडून बैल सरळ भगवंतरावाच्या अंगावर आले आणि त्याच्या पोटाला नाकं लावून थांबले. दुसऱ्या कोणाचं पोट असतं तर तिथंच फुटलं असतं.

जिंकणाऱ्या धुरकऱ्याला मानाचं पागोटं बांधतात. ते वामनरावाला बांधलं, कारण छकड्यावर तो होता. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. वामनराव वरून ओरडून सांगत होता की मी काही केलं नाही, पण ढोलांत कोणाला ऐकू येणार? भगवंतराव बैलांना पाणी पाजत एका बाजूला उभा राहिला. त्याला रडू आलं. जोडी जिंकली याचंही आलं, आणि ते पागोटं आपल्या डोक्यावर नाही याचंही आलं.

दोन दिवसांनी तो कापसाच्या यार्डात गेला. पागोटं काढलं, वाहना काढल्या, बंडी काढली, आणि पारड्यात बसून म्हणाला, "शेषराव, कडता लावू नको."

शेषरावाचा हात थांबला. "भाऊ, असं कधी केलं नाई मी."

"आज कर. जे हाय ते मोठ्यानं सांग."

शेषरावानं इकडंतिकडं पाहिलं, मान खाली घातली आणि सांगितलं, "अठ्ठ्याण्णव शेर." गाड्यांवरचे शेतकरी उठून उभे राहिले. या काट्यावर आज कडता नाही, ही बातमी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि पाचपन्नास माणसं आपापले बोजे घेऊन एकदम काट्याकडे धावली. त्यात सगळ्यांत पुढे केशवराव होता. त्या दिवशी यार्ड दुपारीच बंद करावं लागलं, आणि शेषरावाला आठ दिवस घराबाहेर पडता आलं नाही.

भगवंतराव मात्र तिथून डॉक्टरकडे गेला आणि ओशाळून म्हणाला, "तीन तोळ्याचं पुन्यांदा सांगा जी." तानुबाईनं सोनाराचा जुना काटा आणला. रोज सकाळी ती गुंजा टाकून तूप आणि तेल तोलायची, आणि भगवंतराव समोर मांडी घालून बघायचा. तूप भाकरीवर पडायच्या आधी तो ते डोळ्यांनीच अर्धं खायचा. चार भाकरी, तीन तोळे, आणि भाजीची गाडी न जुंपता वलगावाहून अमरावती पायी. पंगतीत त्यानं पहिल्यांदा हात आडवा धरला तेव्हा वाढणाऱ्याला वाटलं, याच्या घरी काहीतरी वाईट घडलं असावं.

पुढच्या पौषात पटाच्या आदल्या दिवशी त्यानं स्वतः सांगितलं, "दादा, बिनकडत्याचं मोजून आलो. ब्याऐंशी भरलो. दोन शेर जास्त हाय." आणि कासरे भावाच्या हातात देऊन खाली मान घालून उभा राहिला.

केशवरावानं त्याच्याकडे पाहिलं, मोकळ्या झालेल्या बंडीकडे पाहिलं. आयुष्यभर त्या शब्दाच्या नावानं बोटं मोडणारा तो माणूस, त्यानं कासरे पुन्हा धाकट्याच्या हातात कोंबले.

"दोन शेर कडता धर," तो म्हणाला, "अन् बस."